साइडव्हील स्कूटर छोट्या हत्तीत चढवायची आहे (सोलापूर ते पुणे)

होटगीनाका

नमस्कार मंडळी. ताईची बदली पुण्याला झाली आहे आणि तिची गाडी सोलापुरातून न्यायची आहे. ॲक्टिव्हा आहे, दोन्ही बाजूंना चाकं लावलेली. मागचं मूळ चाक जागेवरच आहे आणि इंजिनाची ताकद त्यालाच जाते. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला लहान चाकं. किट धरून वजन दीडशे किलोच्या घरात, रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट.

"इथली विकून तिथे नवी घ्या" हा सल्ला नातेवाइकांकडून मिळून झालेला आहे, तो कृपया नको. सीटची उंची, पाय ठेवायची पट्टी, हातातला ब्रेक, सगळं ताईच्या पायाच्या हिशोबाने बसवलंय. आरसीवर आरटीओची नोंद आहे. हे सगळं नव्या गाडीवर परत करेपर्यंत ती रिक्षाच्या भरवशावर राहणार. चालवत न्यायची म्हटलं तर अडीचशे किलोमीटर हायवे, तोही उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून. नाहीच.

छोटा हत्ती ठरलाय. टेम्पोवाले म्हणतात, "चार पोरं आणतो, उचलून ठेवतो." मला ते पटत नाहीये. साधी दुचाकी एका फळीवरून ढकलत चढवतात ते माहीत आहे. हिला तीन रांगा लागतात. फळ्या किती, किती लांब आणि आत बांधायची कशी? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कडकभाकरी

चार पोरं कशाला, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणावाला बोलवा, एका झोक्यात आत!

असो. रेल्वे पार्सल बघितलं का? पेट्रोल काढायचं, आरसीची झेरॉक्स द्यायची, गोणपाटात गुंडाळायची, की झालं. माझी स्प्लेंडर तशीच गेली होती.

होटगीनाका

विचार केला होता. पण पार्सलच्या डब्यात गाडी फलाटावरून हमालच आत घालणार आणि पुण्याला दुसरे हमाल काढणार. दोन्हीकडे आपण बाजूला उभे. स्प्लेंडर असती तर चाललं असतं.

रेवा१३

मी स्वतः अशीच गाडी चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उचलू देऊ नका. कितीही दणकट पोरं असली तरी नाही. कारण सांगते. उचलणारा माणूस हाताला येईल ते धरतो आणि या गाडीत हाताला सगळ्यात सोयीचा येतो तो बाजूच्या चाकाचा आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारा लोखंडी दांडा. तो आर्म खालून येणारा भार घ्यायला केलेला असतो, उलट बाजूने वर ओढायला नव्हे. माझी गाडी एका मूव्हर्सवाल्यांनी अशीच उचलून ठेवली होती. वरकरणी काही दिसलं नाही. नंतर गाडी डावीकडे ओढायला लागली आणि त्या बाजूच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली. वेल्डिंगजवळ आर्म वाकला होता. मूव्हर्सवाले म्हणाले आधीपासूनच असेल. तुमच्याकडे फोटो आहेत का, तर नाहीत. तेव्हा पहिली गोष्ट, चढवायच्या आधी दोन्ही आर्मचे, वेल्डिंगच्या सांध्यांचे आणि चारही टायरचे फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट. फळ्या तीनच लावा, दोनवर भागवू नका. पुष्कळ जण बाजूच्या चाकांना दोन फळ्या लावतात आणि मधलं चाक अधांतरी सोडतात. मग अख्खा भार त्या दोन आर्मवर येतो आणि ज्या चाकाला इंजिन जोडलंय ते हवेत फिरत राहतं. शिवाय पुढचं चाक कुठून जाणार? मधली फळी पुढच्या आणि मागच्या चाकासाठी, कडेच्या दोन लहान चाकांसाठी.

तिन्ही फळ्या सारख्या जाडीच्या घ्या. एक जरी इंचभर उंच असली तरी गाडी तिरकी होते. किटला शॉकॲब्झॉर्बर असतील तर थोडं सांभाळून घेतं, साधं कडक किट असेल तर अजिबात नाही.

अशोकचौक

मी स्वता टेम्पो चालवतो, पंधरावीस वर्षं झाली. ताई बरोबर बोलल्या. पण अण्णा, टेम्पोवाल्याला लगेच नावं ठेवू नका बे. चार पोरं म्हणतो कारण गिऱ्हाईक फळ्या आणत नाही आणि वर "लवकर करा" म्हणतं.

सेंट्रिंगच्या फळ्या मिळतात भाड्याने, पण त्या पातळ असतात, मधे वाकतात. दोन इंच जाड बघा. आणि फळीचं वरचं टोक नुसतं हौद्यावर टेकवू नका. चाक चढलं की फळी मागं सरकते, गाडी धाडकन खाली. खालून लोखंडी अँगलचा तुकडा बोल्टने मारून घ्या, आकड्यासारखा, तो हौद्याच्या कडेला अडकला पायजे. फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या पडत्या दारावर, फळी टेकवायची नाही. फाळका साखळीवर लोंबकळतो, बिजागरी जाते, मग आमच्या डोक्याला ताप. फाळका पूर्ण खाली सोडा.

हौदा आतून साधारण सात फूट लांब, पावणेपाच-पाच फूट रुंद. तुमची गाडी बसते, फाळका बी लागतो. वजनाचं तर सोडाच, हत्ती सातशे किलो घेतो.

मापात_बोला

रिकाम्या टेम्पोच्या हौद्याची उंची मोजलीत का? ती आणि गाडीच्या पोटाखालची जागा, ही दोन मापं द्या.

होटगीनाका

टेम्पो घरासमोर आणवून मोजलं. जमिनीपासून हौद्यापर्यंत २७ इंच. गाडीचं पोट तसं सहा इंचांवर आहे, पण किटचा आडवा पाइप खालून गेलाय, तिथे जेमतेम ४ इंच.

मापात_बोला

छान. आता बघा.

८ फुटी फळी म्हणजे ९६ इंच. २७ भागिले ९६ म्हणजे ०.२८. चढ सुमारे १६ अंशांचा झाला. १५० किलोची गाडी तिथे नुसती धरून ठेवायला ४२ किलोचा जोर लागतो, ढकलायला त्याहून जास्त. १२ फुटी फळी घेतली तर चढ ११ अंशांवर येतो आणि जोर २८ किलोवर. म्हणजे दोन माणसांना घाम न येता होईल.

पण खरी मेख चढात नाही, माथ्यावर आहे. पुढचं चाक हौद्यात सपाट झालेलं आणि मागचं अजून फळीवर, अशा वेळी गाडीचं पोट हौद्याच्या कडेवर येतं. ॲक्टिव्हाच्या दोन चाकांमधलं अंतर १२६ सेंटिमीटर आहे. त्याच्या मधोमध ४ इंच जागा असेल तर साधारण १८ अंशांपर्यंतचा माथा पार होतो. ८ फुटी फळीवर तुमचा माथा १६ चा. कागदावर सुटतं. प्रत्यक्षात फळीची जाडी, अँगलचा बोल्ट, दबलेले शॉकॲब्झॉर्बर हे धरलं तर पाइप घासणार. तुमचा पाइप बरोबर मध्यावर नाही, मागे आहे असं धरलं तर थोडी सवलत मिळेल. तरी ८ फुटीच्या नादी लागू नका.

शेंगाचटणी

सोप्पं आहे, टेम्पोचं तोंड चढावर करून उभा करा. मागची बाजू खाली येते, हौदा आपोआप उतरतो.

मापात_बोला

नाही येत. सलग चढ असेल तर टेम्पोबरोबर जमीनही तितकीच तिरकी झालेली असते. हौदा आणि जमीन यांतलं अंतर तेच राहतं, माथ्याचा कोन तोच राहतो, वर तुम्ही चढावर ढकलत असता. उलट टेम्पोचं तोंड उताराकडे आणि शेपूट चढाकडे ठेवलं तर ढकलायला हलकं जातं, पण माथा तरीही तोच. माथा कमी करायचा तर टेम्पो ज्या जमिनीवर उभा आहे ती खाली आणि गाडी जिथून निघते ती जमीन वर पाहिजे. गोदामाच्या धक्क्यासारखी.

अशोकचौक

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांना धक्के आहेत की. पण ते मोठ्या ट्रकच्या मापाचे. छोटा हत्ती लावला तर हौदा खालीच राहतो, मग फळी उतरती लावावी लागते. चढवण्यापेक्षा ते बरं, पण गाडी पळते खाली, धरायला माणूस पायजे. मार्केट यार्डात कांद्याच्या सीझनला तर जाऊच नका, उभं राहायला जागा मिळत नाही.

बाळीवेस_ते_ॲरिझोना

बाळीवेशीतला माणूस, सध्या मुक्काम ॲरिझोना. धागा वाचून राहवलं नाही, कारण माझं दुखणं हेच आहे, फक्त गाडी तिप्पट वजनाची.

माझ्याकडे स्पायडर आहे. पुढे दोन चाकं, मागे एक. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने २००७ साली आणली. माझं मॉडेल साडेचारशे किलोच्या वर भरतं. इथे टॉय हॉलर नावाचा ट्रेलर मिळतो. पुढे झोपायची-रांधायची खोली आणि मागे गॅरेज. गॅरेजचं मागचं अख्खं दार वरून खाली पडतं आणि तोच रॅम्प होतो. ऐकायला झकास. पण दार जेवढं उंच तेवढाच रॅम्प लांब, म्हणजे सहा-सात फूट, आणि गॅरेजची जमीन अडीच-तीन फुटांवर. मापात_बोला यांच्या हिशोबाने वीस अंशांच्या पुढे गेलं. स्पायडरचं पोटही खालीच आणि चाकांमधलं अंतर जास्त. त्यामुळे ती माथ्यावर बसतेच. पुढची दोन्ही चाकं गॅरेजात, मागचं रॅम्पवर, आणि पोट कडेवर टेकलेलं. मागच्या एकट्या चाकावर भार राहत नाही, ते जागच्या जागी फिरतं, मग गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाक घसरतंय म्हणून ताकद कापून टाकते. ना पुढे ना मागे.

इथले लोक दोन गोष्टी करतात. एक, ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकची मागची चाकं जाड फळ्यांवर चढवतात. ट्रेलरचं नाक वर जातं, शेपूट खाली येतं, आणि जमीन सपाटच राहत असल्यामुळे माथा खरोखर कमी होतो. शेंगाचटणी यांची कल्पना इथे चालते, सलग चढावर नाही. दुसरं, रॅम्पचं खालचं टोक उंचवट्यावर येईल अशी जागा शोधायची.

ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच गाडी चढवायची. सुटा ठेवून मागे भार दिला तर नाक उचललं जातं. एरवीही ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार नाकावर राहायला हवा, नाहीतर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तुम्हाला ही कटकट नाही, हत्तीचा हौदा त्याच्या स्वतःच्या चाकांवर आहे. गाडी केबिनकडे सरकवून बांधली की झालं.

आणि ॲक्सिलरेटर देऊन, वर बसून चढवायची नाही. इथे दर आठवड्याला कोणीतरी तसा व्हिडिओ टाकतं, बहुतेकांचा शेवट एकसारखा असतो.

कडकभाकरी

बाळीवेसवाले, तीनचाकीला झोपायच्या खोलीसकट घर! आमच्याकडे माणसाला मिळेना. 😄

रेवा१३

ॲरिझोनाकरांचा शेवटचा मुद्दा ठळक करून ठेवा. बाजूला चाकं आहेत म्हणजे पडणार नाही, असा समज असतो. सपाटीवर खरंय. फळीवर कडेचं चाक चार बोटं सरकलं की गाडी दोन चाकांच्या गाडीपेक्षा वाईट पडते, कारण पाय टेकवून सावरायला जागाच नाही.

एक आणखी. चढवताना ताईंना लांब खुर्चीवर बसवून ठेवू नका. गाडी कुठे धरायची, हँडल किती वळतं, ब्रेकचं लॉक पक्कं लागतं की सुटतं, हे त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत. माझ्या वेळी सगळे पुरुष एकमेकांना विचारत होते, मला सोडून.

होटगीनाका

रेवाताई, ताईने वाचलं आणि म्हणाली, "हे मी म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस." असो!

बांधण्याबद्दल कोणी सांगेल का?

अशोकचौक

नायलॉनची दोरी नको. ताणते, आणि गाठ बी सुटते. रॅचेटचे पट्टे घ्या, चार. दोन पुढं, दोन मागं, चार कोपऱ्यांकडं तिरके. केबिनच्या जाळीला पुढचं चाक टेकवा, मधे जुनं टायर घाला. डावा ब्रेक ओढून लॉक करा. प्रत्येक चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळा, आणि ठोकळा हौद्याच्या फळीला खिळ्याने ठोका, नुसता ठेवला तर मोहोळपर्यंत कुठं जाईल सांगता येत नाही.

रेवा१३

पट्टे किटच्या आर्मला किंवा ॲक्सलला बांधू नका. मागे सीटखालच्या लोखंडी दांड्याला आणि पुढे हँडलच्या खालच्या भक्कम भागाला. हँडलच्या टोकांना बांधलं तर हादऱ्यात मूठ फिरते. बाजूच्या चाकांना हवं तर टायरवरून सैलसर पट्टा, गाडी उडू नये इतकाच. फार आवळलं तर स्प्रिंगवाल्या किटला दिवसभर दाबून ठेवल्यासारखं होतं. पट्टा प्लास्टिकला घासतो तिथे जुनी चादर घाला. सोलापुरात चादरीला तोटा नाही.

बाळीवेस_ते_ॲरिझोना

निघाल्यावर वीसेक किलोमीटरनंतर थांबून पट्टे परत आवळा. पहिल्या हादऱ्यांत सगळं बसतं आणि पट्टे सैल पडतात. सावळेश्वर टोलला थांबणारच, तिथेच बघा.

कागदपत्रवाला

कोणी विम्याचं बोललंच नाही. गाडीला नुसता थर्ड पार्टी आहे की पूर्ण? पूर्ण असेल तर आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत, गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. पॉलिसीत तो परिच्छेद काढून बघा. मात्र किटची किंमत पॉलिसीत नोंदवलेली असली पाहिजे, नाहीतर ॲक्टिव्हाचे मिळतील आणि किटचे नाही. दिव्यांगांसाठी बदल केलेल्या आणि आरसीवर तशी नोंद असलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत जुन्या मोटार टॅरिफमध्ये होती. नूतनीकरणाला मुद्दाम विचारा, एजंट आपणहून सांगत नाहीत.

एमएच १३ चा नंबर बदलावा लागत नाही, राज्य तेच आहे. फक्त पत्ता बदलल्याचं ३० दिवसांच्या आत कळवायचं.

होटगीनाका

हे भारी सांगितलंत. पॉलिसी काढली. पूर्ण आहे, पण किटचा उल्लेख नाही. एजंटला फोन केलाय, नोंद करून घेतो म्हणाला, प्रीमियमचा फरक भरायचा.

होटगीनाका

गाडी पुण्यात पोहोचली. कसं केलं ते लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

१२ फुटी जाड फळ्या तीन एका मापाच्या मिळेनात. मिळाल्या ८ फुटी. मग जागा शोधली. जुळे सोलापुरात आमच्या मित्राचा मोकळा प्लॉट आहे. समोरचा काँक्रीट रस्ता नव्याने झाला तेव्हा प्लॉटपेक्षा दीड फूट वर गेला. एरवी पावसाळ्यात सगळं पाणी आत येतं म्हणून तो महापालिकेला शिव्या घालत असतो, आमच्या मात्र पथ्यावर पडलं. टेम्पो बाजूच्या मुरमाच्या उताराने प्लॉटमध्ये उतरवला आणि शेपूट रस्त्याच्या कडेला लावलं. २७ मधून १८ गेले, उरले ९ इंच. ८ फुटी फळीवर चढ पाच-साडेपाच अंशांचा. मापात_बोला, तुमच्या हिशोबाने १४ किलोचा जोर. मी आणि टेम्पोवाले दोघांनी ढकलली, तिसरा माणूस बाजूने फळ्यांकडे बघत.

ताईने आधी सगळ्यांना थांबवून एक काम करायला लावलं, ते मला सुचलं नसतं. गाडी रस्त्यावर सरळ उभी करून प्रत्येक चाकासमोर खडूने रेघ मारली आणि फळ्या त्या रेघांवर ठेवल्या. आम्ही फळ्या ठेवून त्यावर गाडी नेणार होतो. कडेच्या फळ्यांच्या बाहेरच्या अंगाला पट्टीही ठोकून घेतली, चाक घसरलंच तर अडावं म्हणून. टेम्पोवाले आधी हसले. नंतर त्यांनीच पट्टीला दोन खिळे जास्त मारले.

माथ्यावर पाइपखाली हात घालून बघितला, दोन बोटं आरामात जात होती.

सावळेश्वरला पट्टे तपासले, मागचा उजवा खरंच सैल झाला होता. पुढे वरवड्याच्या टोलपर्यंत काही नाही.

मापात_बोला

वा. रस्ता वर आणि प्लॉट खाली, हे जुळे सोलापुरात जागोजागी आहे, आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुण्यात उतरवली कशी? तिथे असा रस्ता मिळाला की काय?

होटगीनाका

नाही ना. सोसायटीच्या फाटकातून पार्किंगमध्ये उतार आहे. टेम्पो त्या उतारावर तोंड खाली करून उभा केला, त्यामुळे फळ्यांचा उतार सौम्य झाला. माथा तोच राहणार हे तुमचं वाचलेलं होतं, म्हणून फाटकाच्या सपाट भागावर फळीच्या टोकाखाली दोन-दोन विटांचे थर रचले. ताई म्हणाली बंद इंजिनात या गाडीला गिअरचा काही आधार नसतो, सोडली की सुटते. म्हणून मागच्या दांड्याला दोरखंड बांधून त्याचा एक वेढा हौद्याच्या पुढच्या हुकाला घेतला आणि टेम्पोवाल्यांनी हळूहळू सोडला. मी बाजूने हँडल धरलं, डावा ब्रेक ताईच्या सांगण्यावर. फळ्यांच्या खालच्या बाजूला कोणालाही उभं राहू दिलं नाही. सोसायटीतले दोन काका मदतीला मागून धरायला येत होते, त्यांना नाही म्हणताना जरा अवघड गेलं.

अशोकचौक

दोरीचा वेढा कुणी शिकवला?

होटगीनाका

टेम्पोवाल्यांनीच. जड कपाटं असंच उतरवतात म्हणाले.

अशोकचौक

बघा. म्हणलं होतं ना, टेम्पोवाल्याला नावं ठेवू नका बे.

शेंगाचटणी

माझ्या मामांची बजाजची जुनी स्कूटर आहे, तिलाही साइडव्हील लावलंय. पंढरपूरला न्यायची आहे पुढच्या महिन्यात. त्या फळ्या तुमच्याकडे आहेत का अजून?

होटगीनाका

आहेत, अँगल लावलेल्या तशाच. होटगी रोडला येऊन घेऊन जा, भाडं नको. फक्त मामांच्या गाडीची रुंदी मोजून आणा. कडेच्या पट्ट्या आमच्या चाकांच्या मापाने ठोकल्यात, तुमचं टायर जाड असलं तर काढून परत माराव्या लागतील. आणि आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एक फळी सध्या शेजाऱ्यांनी पाण्याच्या टाकीखाली घातलीय.